उन्हाळी इंटर्नशिप: मेळाव्यात अर्ज देण्यापूर्वी काय विचारावे?

दिल्ली विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांत उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या सत्रात इंटर्नशिप मेळावे भरतात. विद्यार्थ्यांचे प्लेसमेंट सेल त्यांचे आयोजन करतात. कंपन्या, नवउद्योग आणि स्वयंसेवी संस्था महाविद्यालयाच्या आवारात आपापली टेबले मांडतात आणि विद्यार्थी बायोडेटाच्या प्रती घेऊन रांगेत उभे राहतात. मुंबई, पुणे, बंगळुरू यांसारख्या शहरांतही असे मेळावे होतात. या गर्दीत बहुतेकांचे लक्ष संस्थेच्या नावाकडे आणि अखेरीस मिळणाऱ्या प्रमाणपत्राकडे असते. मात्र विद्यार्थी तेथे दीड-दोन महिन्यांचे आपले श्रम देऊ करत असतो. त्या श्रमांच्या अटी जाणून घेण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे तेच टेबल होय.

मागणी का वाढली?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर इंटर्नशिपला पदवी अभ्यासक्रमात स्थान मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या श्रेयांक आराखड्यात तिच्यासाठी 2 ते 4 श्रेयांक ठेवले आहेत. इंटर्नशिपच्या एका श्रेयांकासाठी सुमारे 30 तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजेच 4 श्रेयांकांसाठी सुमारे 120 तास लागतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या नव्या अभ्यासक्रमांतही ‘कार्यप्रशिक्षण’ या नावाने हा घटक आला आहे. पूर्वी हौसेने केली जाणारी गोष्ट आता गुणपत्रिकेशी जोडली गेल्याने मिळेल ती जागा स्वीकारण्याची घाई वाढली आहे.

मेळाव्यापूर्वीच संपणाऱ्या मुदती

काही मोठ्या संस्थांची निवड मेळाव्यांच्या बरीच आधी सुरू होते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी नेहमीच्या वेळापत्रकानुसार 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर या काळात अर्ज मागवले जातात. प्रत्यक्ष काम मात्र पुढील वर्षी एप्रिलपासून असते. फेब्रुवारी-मार्चच्या मेळाव्याची वाट पाहणाऱ्याची ही संधी हुकते. त्यामुळे मेळाव्यातील बरीचशी टेबले तुलनेने लहान व नव्या संस्थांची असणे स्वाभाविक आहे. अशा संस्थांत शिकायला पुष्कळ मिळू शकते. परंतु त्यांची पारख विद्यार्थ्यालाच करावी लागते.

तीन निरनिराळ्या गोष्टी

मेळाव्यात ‘इंटर्नशिप’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी समोर येऊ शकतात.

पहिली म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिला शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 चा आधार आहे. तिच्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि विहित किमान विद्यावेतन देणे बंधनकारक असते. 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात.

दुसरी म्हणजे सर्वसाधारण इंटर्नशिप. सर्व खासगी आस्थापनांनी इंटर्नला विद्यावेतन द्यावे, असा सरसकट लागू होणारा केंद्रीय कायदा नाही. येथे सारे काही संस्थेने दिलेल्या पत्रावर अवलंबून असते.

तिसरी म्हणजे शुल्क घेऊन दिले जाणारे प्रशिक्षण. नोंदणी, साहित्य किंवा अनामत अशा कोणत्याही नावाने विद्यार्थ्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर ती इंटर्नशिप नसून विकत घेतलेला वर्ग समजावा. अशा ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही अनेकांच्या मनात असते. तथापि, 12 महिन्यांच्या इंटर्नशिपची ही योजना 21 ते 24 वयोगटासाठी जाहीर झाली, तेव्हा पूर्णवेळ शिक्षण घेणारे विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले होते. उन्हाळी सुट्टीतील कामाशी तिची गल्लत करू नये.

टेबलापाशी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न कामाचा. ‘मार्केटिंग’ या शब्दाचा अर्थ बाजाराचा अभ्यास असाही होतो आणि ओळखीच्या लोकांना वस्तू विकणे असाही. रोजचे काम नेमके कोणते आणि विक्रीचे उद्दिष्ट दिले जाणार आहे का, हे स्पष्ट विचारावे.

दुसरा प्रश्न मार्गदर्शकाचा. काम कोण तपासणार आणि ती व्यक्ती आठवड्यातून किती वेळा भेटणार, याचे उत्तर मिळाले नाही तर तेथे शिकणे अवघड जाते.

तिसरा प्रश्न पैशांचा. नांदेडहून पुण्याला किंवा पाटण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च स्वतः करावा लागतो. बिनपगारी इंटर्नशिप त्याच शहरात राहणाऱ्याला परवडते; बाहेरून येणाऱ्याच्या कुटुंबाला ती कर्जात टाकू शकते. विद्यावेतन नसेल तर घरून काम करण्याची मुभा आहे का, अथवा प्रवासखर्च मिळेल का, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

चौथा प्रश्न कागदाचा. कालावधी, कामाचे तास, विद्यावेतन आणि प्रमाणपत्राच्या अटी यांचा उल्लेख असलेले पत्र रुजू होण्यापूर्वी हाती असावे. श्रेयांक हवे असल्यास त्यावर तासांची नोंद आवश्यक ठरते. हे काम विद्यापीठ ग्राह्य धरते का, याची खात्रीही विभागप्रमुखांकडून आधीच करून घ्यावी.

कायद्याचे संरक्षण

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा 2013 चा अधिनियम प्रशिक्षणार्थी महिलांनाही लागू होतो. विद्यावेतन मिळत नसले तरी हे संरक्षण कायम राहते. 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. पुरेसे कारण असल्यास समिती ही मुदत वाढवू शकते.

मेळाव्यात जमलेल्या पत्रकांपैकी बरीचशी संध्याकाळपर्यंत रद्दीत जातात. त्याऐवजी चार-पाच संस्थांशी सविस्तर बोलावे, मिळालेली उत्तरे वहीत टिपून ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तुलना करून मगच होकार कळवावा. प्रश्न विचारला म्हणून जी संस्था नाराज होते, ती दोन महिन्यांत विद्यार्थ्याला कसे वागवील, याचा अंदाज तेथेच येतो.