वर्दी कुणी ऐकायची?

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइट पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांसाठी रेडिओ केंद्र सुरू केलं, तेव्हा सरकारी परवाना मिळाला तो करमणुकीचा! म्हणजे वर्द्यांच्या मधूनमधून गाणी वाजवणं आलं. घरोघरच्या रेडिओवरही हे सगळं ऐकू येई.

आज अमेरिकेत त्याच वर्द्यांना कुलूप घालण्यावरून वाद पेटलाय. कुलूप आहे मात्र नवलाचं. वॉकीटॉकीतला आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत चिरला जातो, तुकड्यांचे शून्य-एक होतात आणि २५६ बिटांची किल्ली त्यांना असं पिंजून काढते, की किल्ली नसलेल्याच्या हाती अर्थ लागेल असं काहीच उरत नाही. शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी! एकेक लावून बघायला विश्वाचं आजवरचं वयही अपुरं.

आणि तरी हे कुलूप उघडंच राहतं. २०११ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणांचे वायरलेस ऐकले. गुप्त राहायला हवं असं बोलणं दर शहरात दिवसाला सरासरी वीसेक मिनिटं उघड चाललेलं! किल्ली कुणी फोडली नव्हती. सेटवरच्या खटक्याला खुणा दोन: एक गोल, आणि एक तिरकी रेघ मारलेला गोल. आता यातला चालू कुठला? शिवाय सहकाऱ्यांच्या सेटवर दोन्ही प्रकारचा आवाज सारखाच ऐकू येतो, मग टोकणार कोण?

न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३मध्ये ब्रुकलिनपासून कुलपं घालायला घेतली. शिकागोत लोकांना वर्दी अर्ध्या तासाने ऐकवतात. चोरही ऐकतो, पीडितेचा पत्ता जगजाहीर होतो, हे पोलिसांचं म्हणणं खोटं नाही. पण स्कॅनर लावून बसलेला बातमीदार पोलिसांनी न बोलावता घटनास्थळी पोचतो, आणि मला तोच हवा आहे. अर्ध्या तासाने त्याने तिथे काय बघायचं?

कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२०मध्ये बजावलं, की नागरिकांची खासगी माहिती वायरलेसवर उघड बोलू नका. तिथल्या पालो आल्टो शहराने २०२१च्या जानेवारीत सरसकट सगळंच बंद केलं आणि २०२२मध्ये पुन्हा खुलं केलं. आता कुणाचा लायसन्स नंबर तपासायचा झाला, तर तिथला पोलीस मोबाइल लावतो किंवा गाडीतल्या संगणकावर पाहतो. राज्याच्या आदेशातही ही मुभा पहिल्या दिवसापासून होतीच.