साबणाला दाद न देणारं कवच

तेलकट कढई साबणानं निघते, त्याच गुणधर्मामुळे पेशीचं आवरणही विरघळायला हवं. हे आवरण म्हणजे मेदरेणूंचा जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा दुपदरी थर. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपूट मेदाकडे. ही शेपटं थरात घुसत राहतात आणि पुरेशी जमली की मेदाचे रेणू सुटे करून पाण्याबरोबर नेतात. करोनाचा विषाणू साबणापुढे टिकत नाही, तो यामुळेच.

मग आपल्या आतड्यातला ई. कोलाय जगतो कसा? जेवणानंतर आतड्यात उतरणारं पित्त हे शरीरानं बनवलेलं डिटर्जंटच. त्यात हा जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतो. प्रयोगशाळेत मॅकॉन्की आगरच्या बशीत पित्तक्षार घालतात ते या भरवशावरच. बाकीचे अनेक जिवाणू तिथे तग धरत नाहीत. ई. कोलायच्या गुलाबी वसाहती मात्र दुसऱ्या दिवशी ठसठशीत उठून दिसतात.

खरी करामत आहे ती त्याच्या बाह्य पटलाच्या बाहेरच्या पदरात. तिथे साध्या मेदाच्या जागी लायपोपॉलिसॅकराइड असतं: आत रोवलेली सहा मेदाम्लं आणि बाहेर पसरलेली शर्करांची साखळी. या रेणूंवर ऋण भार असतो, म्हणजे खरं तर त्यांनी एकमेकांना दूर लोटायला हवं. पण दगडी भिंतीतल्या चुन्यासारखे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन त्यांना जखडून ठेवतात. वीण इतकी घट्ट होते की शेपटाला शिरायला फटच सापडत नाही. त्यातूनही जे झिरपतं, ते पेशीतले पंप बाहेर फेकतात. म्हणून हात धुताना हा जिवाणू मरतोच असं नाही, तो सुटतो आणि वाहून जातो. हात चोळणं आणि भरपूर पाण्यानं धुणं हेच तिथे खरं काम करतं.

ही वीण बिघडली की काय होतं पाहा: शर्करेची साखळी अगदी आखूड झालेले उत्परिवर्तित जिवाणू पित्तक्षारांत मरतात. १९६५ मध्ये संशोधक लोरेटा लीव्ह यांनी तर साखळीला हात न लावता चुनाच काढून घेतला. त्यांनी ईडीटीए वापरलं. ते मॅग्नेशियम, कॅल्शियमला पकडतं. लगेच लायपोपॉलिसॅकराइड सुटून बाहेर पडू लागलं आणि एरवी दारातच अडणारं अॅक्टिनोमायसिन हे प्रतिजैविक पेशीत शिरलं.

आज अनेक शाम्पूंच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘डायसोडियम ईडीटीए’ लिहिलेलं असतं. जड पाण्यातले क्षार बांधून ठेवणं हे त्याचं एक काम. दुसरं म्हणजे अशा जिवाणूंचं कवच सैल करून टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांना वाट करून देणं.