न झालेला खून

चीनमध्ये १२४७ साली सोंग त्स नावाच्या एका न्यायाधिकाऱ्याने प्रेत कसे तपासावे यावर पुस्तक लिहिले. बुडून मेलेला माणूस आणि मारून पाण्यात फेकलेला माणूस कसा ओळखायचा, गळफासाचा वळ कोणत्या बाजूला वर चढतो, जखम जिवंतपणी झाली की मेल्यावर, असे सगळे त्यात आहे. पुढची सहाशे वर्षे हे पुस्तक भर घालून, सुधारून चीनच्या कचेऱ्यांमध्ये वापरले जात होते. विषाचा संशय आला तर काय करायचे हेही त्यात होते. चांदीची सुई घ्यायची, साबणासारखा फेस देणाऱ्या एका झाडाच्या शेंगांच्या पाण्याने ती पुसायची, मृताच्या घशात घालून तोंड कागदाने बंद करायचे. बऱ्याच वेळाने सुई बाहेर काढायची. ती काळी पडली असली तरी तिथे थांबायचे नाही. त्याच पाण्याने पुन्हा घासायची, आणि मग जो डाग निघणार नाही तो विषाचा.

या दुसऱ्या घासण्याचे मला फार नवल वाटते. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. त्या काळच्या अशुद्ध सोमलात गंधक असे, म्हणून सुई काळवंडे. पण कुजू लागलेल्या शरीरातूनही गंधकाचा वायू निघतो आणि तोही चांदी काळी करतो. सोंग त्सला हे रसायनशास्त्र ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही सुई खोटे बोलू शकते, तिला दुसऱ्यांदा विचारायला हवे, एवढे अनुभवाने कळले होते. आजच्या कसोटीवर ही चाचणी घासूनही भरवशाची ठरत नाही, पण संशयाची ती एक पायरी नियमात लिहून ठेवलेली होती.

१८७३ च्या नोव्हेंबरात चेजियांग प्रांतातल्या यूहांग गावी एका सरकारी माणसाने सुई घासली नाही.

मेला होता तो गे पिनलियान. टोफूच्या दुकानात काम करणारा तरुण, लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पाय सुजून ताप भरण्याचे त्याचे दुखणे जुने होते. २८ नोव्हेंबरला थंडी वाजून, तोंडाला फेस येऊन तो गेला. हवा ऊबदार होती, अंगाने तो जाड होता, त्यामुळे प्रेत लवकर फुगले. दुसऱ्या रात्री तोंडा-नाकातून रक्ताळ पाणी आले आणि आईच्या मनात पाल चुकचुकली. तिने कचेरीत अर्ज दिला. अर्जात कोणावरही आरोप नव्हता. पंचनामा व्हावा, एवढेच मागणे होते.

तिथला अधिकारी ल्यू शीतोंग हा आपल्याकडच्या जुन्या मामलेदारासारखा होता, फक्त जास्त अधिकारांचा. सारा वसूल करणारा तोच, तपास करणारा तोच, निवाडा देणारा तोच. पंचनाम्याला निघण्याआधीच गावातल्या एका वैद्याने त्याच्या कानावर गावगप्पा घातल्या. मृताची बायको बी श्यूगू देखणी होती, गावात तिला ‘छोटा कोबी’ म्हणत. हे जोडपे काही महिने यांग नायवू नावाच्या माणसाच्या घरात भाडेकरू होते. ती कधी यांगच्या पंगतीला बसे, त्याच्याकडे अक्षरे गिरवी. यांग साधा माणूस नव्हता. त्याच शरद ऋतूत तो प्रांताची परीक्षा उत्तीर्ण झाला होता. हजारो उमेदवारांतून शंभरेक निवडले जात, इतकी ती अवघड. ल्यू प्रेताजवळ पोचला तेव्हा गोष्ट त्याच्या डोक्यात पूर्ण तयार होती. प्रेताने फक्त मान डोलवायची बाकी होती.

प्रेत तपासणाऱ्या शेन श्यांगने सुई घातली, ती फिकट काळपट झाली. त्याला वाटले, कच्ची अफू पोटात गेली असावी. अधिकाऱ्याबरोबर आलेला कचेरीचा नोकर म्हणाला, अफू खाऊन माणूस आत्महत्या करतो. खून आहे तर सोमलच असणार. दोघांची तिथेच बाचाबाची झाली. या वादात सुई न घासताच राहिली. विष कोणते तेही ठरले नाही, आणि कागदावर ‘विषाने मृत्यू’ असे उतरले.

इथून पुढे जे घडले ते मी वाचत गेलो तेव्हा माझा समज होता की मागे लाच, वैर किंवा बाईवरचा डोळा असणार. नंतरच्या लोकनाट्यांत आणि चित्रपटांत तसेच दाखवतात. त्यांत अधिकाऱ्याचा मुलगाच दुष्ट असतो. बीजिंगच्या तपासात मात्र मुलाचा संबंध दिसला नाही. माणसाला सुळावर नेण्यासाठी एक चूक आणि ती झाकण्याची धडपड पुरेशी झाली. मला हे लाचेहून भयंकर वाटते, कारण लाच सापडते तरी.

तेव्हाच्या छिंग राजवटीच्या कायद्यात कबुलीजबाबाशिवाय मोठा खटला सहसा मिटत नसे. निरपराध कोणी फासावर जाऊ नये म्हणून केलेला हा नियम होता. परिणाम उलटा झाला: कबुली हवी, म्हणून छळालाही कायद्यानेच परवानगी. बाईच्या बोटांमध्ये लाकडी कांड्या अडकवून दोरीने आवळत. पुरुषाचे घोटे लाकडी चापात दाबत. बी श्यूगूने बोटे आवळल्यावर सांगितले की यांगने सोमल आणून दिला. यांगच्या अंगाला हात लावता येईना, कारण त्याची पदवी आड येत होती. ल्यूने वर अर्ज केला, पदवी काढून घेतली गेली, आणि मग हांगचौच्या चेन लू नावाच्या वरिष्ठाच्या कचेरीत यांगच्या पायांवर चाप बसला. त्यानेही कबूल केले.

सोमल आणला कुठून? घोटे चेपले जात असताना यांगच्या तोंडून एका औषधाच्या दुकानाचे आणि ‘छिएन बाओशेंग’ या विक्रेत्याचे नाव निघाले. उंदरांसाठी म्हणून घेतला, असे त्याने सांगितले. दुकान खरे होते. त्या नावाचा माणूस मात्र तिथे नव्हता. मालकाचे नाव छिएन थान. या क्षणी खटला कोसळायला हवा होता. ल्यूने छिएन थानला बोलावून घेतले, तुझ्यावर काही बालंट येणार नाही असे लेखी आश्वासन दिले आणि त्याच्याकडून ‘होय, मीच बाओशेंग, मीच विकला’ असे लिहून घेतले. वेदनेने घडवलेल्या नावाला सरकारने अशा रीतीने एक जिवंत शरीर मिळवून दिले. हा साक्षीदार यांगसमोर उभा करण्याची तसदीही चेन लूने घेतली नाही. ज्या दिवशी विष दिल्याचे म्हणतात त्या दिवशी यांग सासुरवाडीला होता, असा नातेवाइकांचा अर्ज आला. साक्षीदारांना कोणी बोलावले नाही. पंचनाम्यात ‘तोंडा-नाकातले रक्ताळ पाणी डोळ्या-कानांत उतरले’ असे होते. वरच्या कागदांत ते ‘सातही छिद्रांतून रक्त’ झाले, कारण सोमलाची पुस्तकी लक्षणे तशी होती. न घासलेली सुईही कागदावर नियमाप्रमाणे घासली गेली.

निकाल: यांगचा शिरच्छेद, आणि पतीच्या खुनासाठी बी श्यूगूला शरीराचे तुकडे करून मृत्यू. आपल्याकडे म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे सोडायला चोरसुद्धा नव्हता. खूनच झाला नव्हता.

छिंग राज्यात एका अधिकाऱ्याच्या सहीने कोणाचा जीव जात नसे. प्रकरण तालुक्यातून वरच्या ठाण्याला, तिथून प्रांताच्या न्यायाधिकाऱ्याकडे, तिथून राज्यपालाकडे, मग बीजिंगच्या शिक्षा मंत्रालयाकडे आणि शेवटी बादशहाकडे जाई. एकोणिसाव्या शतकात इतक्या ठिकाणी तपासणी असणाऱ्या व्यवस्था जगात फार थोड्या होत्या. मग एवढ्या गाळण्यांतून हे खोटे पार कसे झाले? याचे उत्तर कायद्याच्या कडकपणातच आहे. निरपराधाला शिक्षा ठोठावणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा होती, आणि ती त्याने दिलेल्या चुकीच्या शिक्षेच्या प्रमाणात. मृत्युदंड चुकला तर दोषही तेवढाच जड. ज्या वरिष्ठांनी शिक्कामोर्तब केले तेही त्यात अडकत. म्हणजे पहिल्याने चूक केली, दुसऱ्याने सही केली, की तिसऱ्याला ती चूक शोधून काढण्यात दोन सहकाऱ्यांचा नाश दिसायचा आणि न शोधण्यात कोणाचेच वाकडे होत नसे. राज्यपाल यांग चांगजुनने गुप्त चौकशीसाठी माणूस पाठवला. तो यूहांगला ल्यूचा पाहुणचार घेऊन परत आला आणि ‘अन्याय नाही’ असा अहवाल दिला. राजधानीच्या दट्ट्याने प्रांताचा शिक्षणाधिकारी हू रुइलान याला फेरतपास दिला गेला. पुन्हा चाप, पुन्हा तीच कबुली. प्रत्येक नव्या तपासाने खोट्याला आणखी एक सरकारी शिक्का मिळत गेला.

याच वर्षांत आपल्याकडेही सोमलाचा एक खटला गाजत होता. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेर याच्या पेल्यात विष आढळले आणि मल्हारराव गायकवाडांवर आळ आला. पेल्यातला गाळ मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञाने तपासला, त्यात सोमल सापडला. विष कोणते, यावर वाद राहिला नाही. ते कोणी घालायला लावले यावर मात्र सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रज एका बाजूला आणि तीन हिंदी सदस्य दुसऱ्या बाजूला गेले, तरी मल्हाररावांची गादी गेलीच. रसायन नेमके असले म्हणजे न्याय नेमका होतो असे नाही, हे दोन्ही खटले शेजारी ठेवले की कळते.

यांगला वाचवणारे पहिले माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण. ती १८७४ मध्ये हांगचौहून बीजिंगला गेली. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर अकराशे किलोमीटरच्या वर भरते. राजधानीत थेट दाद मागण्याची वाट कायद्याने खुली होती, पण बाईला स्वतःच्या नावाने अर्ज देता येत नसे, पुरुष मध्यस्थ लागे. तिचा अर्ज बीजिंगने पुन्हा चेजियांगलाच पाठवला, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच. त्याच वर्षी यांगची बायको दुसऱ्या कचेरीत दुसरा अर्ज घेऊन गेली. हांगचौचा धनाढ्य व्यापारी हू श्यूएयान याने पैशाची मदत केली.

आणि एक अगदी नवी गोष्ट आडवी आली: वर्तमानपत्र. शांघायच्या परकीय वसाहतीत १८७२ मध्ये अर्नेस्ट मेजर या इंग्रज व्यापाऱ्याने ‘शेनबाओ’ हे चिनी भाषेतले पत्र सुरू केले होते. त्याने हा खटला सातत्याने छापला, यांगचा अर्जही छापला. ज्या कागदांवर आजवर फक्त सहा कचेऱ्यांचे शिक्के पडत होते, ते आता चहाच्या दुकानात वाचले जात होते. चेजियांगचे मूळ रहिवासी असलेल्या बीजिंगमधल्या अठरा अधिकाऱ्यांनी एकत्र निवेदन दिले. शिक्षा मंत्रालयातल्या वेंग तोंगह याने कागदांतल्या विसंगती बारकाईने पाहिल्या. दरबारालाही कारण होते. थायफिंग बंड मोडल्यापासून प्रांतांत सेनानींचे वजन वाढले होते, गादीवर बालसम्राट होता, आणि राज्यपाल दरबाराला जुमानीत नाहीत ही भावना उघड बोलली जात होती. यांगचा जीव वाचण्यात दयेचा वाटा किती आणि या राजकारणाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. राजकारणाचा लहान नसावा.

शेवटी प्रेतालाच बीजिंगला बोलावले. तीन वर्षे पुरलेली शवपेटी चेजियांगहून आणली गेली आणि २२ जानेवारी १८७७ रोजी शहराबाहेरच्या हायह्वेइ मंदिरात उघडली. ल्यूला समोर उभे करून पेटी तीच, प्रेत तेच याची खात्री करून घेतली. मांस उरले नव्हते. हाडे पिवळसर पांढरी होती. जुन्या ग्रंथांप्रमाणे विषाने हाडे काळवंडतात. ही काळवंडली नव्हती. गे पिनलियान आजाराने मेला. आजचे विज्ञान हाडांच्या रंगावर असा भरवसा ठेवणार नाही, आणि त्या काळीही सिच्वानचा बडा अधिकारी दिंग बाओचेनने यावर जोरदार आक्षेप घेतलाच. पण आता एकट्या हाडांवर निकाल उभा नव्हता. औषधाच्या दुकानातली माणसे बीजिंगमध्ये बोलली: आमच्याकडे तो सोमल नव्हता, आणि छिएन थानला बाओशेंग असे कोणी कधी म्हटले नाही. छिएन थान स्वतः तोवर कैदेत मेला होता. सुई घासली नव्हती, हे शेन श्यांगने कबूल केले.

३० मार्च १८७७ रोजी फर्मान निघाले. ल्यू शीतोंगला हेलोंगजियांगच्या थंडीत हद्दपारी, पैसे भरून सुटण्याची मुभा नाही. यांग चांगजुन, हू रुइलान, चेन लू बडतर्फ. यांग नायवू आणि बी श्यूगू खुनातून मुक्त झाले, तरी शिक्षेवाचून सुटले नाहीत. यांगला शंभर फटके, कारण आपला बचाव करताना त्याने दुसऱ्यांवर चुकीचे आरोप केले. बी श्यूगूला ऐंशी, कारण परपुरुषाच्या घरी ती एका मेजावर जेवली आणि अक्षरे शिकली. हा भाग वाचताना मला राग आवरत नाही. जिची बोटे आवळून खोटे वदवले, तिला खरे सिद्ध झाल्यावरही मार.

ती पुढे भिक्षुणी झाली आणि १९३० मध्ये वारली. यांगने यूहांगला परत जाऊन रेशमाचे किडे पाळण्याचा धंदा केला. तो १९१४ मध्ये गेला. राज्यपाल यांग चांगजुनला वर्षभरातच वायव्येकडे पुन्हा सरकारी कामावर घेतले, आणि पुढे तो राज्यपालाहूनही वरच्या पदावर चढला. यांग नायवूची परीक्षेची पदवी मात्र त्याला कधीच परत मिळाली नाही.