ताण संत्र्याला, बॅटरीला नाही

आमच्या रिद्धपुरात झाडाला उपाशी ठेवायचंही एक शास्त्र आहे. संत्र्याचा मृग बहार धरायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, गळतात, नवख्या माणसाला बाग गेली असं वाटतं. मग मृगाचा पाऊस पडला की तेच झाड नवतीनं आणि फुलांनी लदलदून येतं. याला आम्ही ताण देणं म्हणतो. पाणी कधी तोडलं याची तारीख मी दरवर्षी गोडाऊनच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात तारीख लिहिली आणि पुण्याला मुलाकडे गेलो. मोटरसायकल गोडाऊनमध्ये टिनाखाली उभी करून ठेवली. अडीच महिन्यांनी परतलो तेव्हा बाग फुलावर होती आणि मोटरसायकल मेली होती. चावी फिरवली तर न्यूट्रलचा हिरवा दिवा काजव्याएवढा लागला. सेल्फ दाबला तर नुसतं टक-टक-टक.

"मोठेबाबा, धक्का मारू. एक चक्कर मारा, होते चार्ज," पुतण्या म्हणाला. दोघांनी ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी सुरू झाली. गावातल्या राजमठापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टक-टक.

मग बॅटरी काढली आणि स्टँडवरच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॅटरीला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारले. किती दिवस उभी होती? पाणी कधी पाहिलं होतं? नवीन काही जोडलं काय? लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी आमच्याच गावात लीळा गोळा करताना, ज्यानं पाहिलं त्याला गाठून खातरजमा केली होती. मिस्त्रीचीही रीत तीच, फक्त त्याचा शेवटचा साक्षीदार म्हणजे मल्टीमीटर. काटा नाही, आकडा दाखवणारा. त्यानं ११.६ दाखवला.

"काकाजी, ही चालून नाई बसली. बसून बसली," मिस्त्री म्हणाला.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक दोन व्होल्टच्या थोडा वर. काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ किंवा त्याहून थोडं जास्त दाखवत असेल तर ती भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८च्या खाली गेली की रिकामीच समजायची. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणून मी इतकी वर्षं समाधानी असायचो. बारा म्हणजे पाव भरलेली, हे त्या दिवशी कळलं.

आत काय होतं, तेही त्यानं सांगितलं. शिशाच्या प्लेटा सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं ही बॅटरी बनवली, मूळ घडण अजून तीच आहे. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज केली की थर विरघळतो आणि ॲसिड परत तेज होतं. थर ताजा असेपर्यंत हा व्यवहार उलटसुलट चालतो. पण बॅटरी रिकामी पडून राहिली तर थराचे खडे होतात, आणि ते सहजी विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा जातो. ताण लांबला की झाडाच्या फांद्या वाळतात, त्या वाळक्या काड्यांना आम्ही सल म्हणतो. प्लेटांनाही सलच पडते. फरक इतकाच, झाडाची सल कात्रीनं काढता येते.

माझ्या बॅटरीत सल होती, पण फार नव्हती. माझी जुन्या पद्धतीची, झाकणं उघडणारी, ५ अँपिअर-तासांची. पहिल्यांदा मिस्त्रीनं खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी धुतली, झाकणं घट्ट लावून, म्हणजे एक थेंब आत जाऊ नये. मग झाकणं काढून, प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल वॉटर टाकलं. वरच्या रेघेपर्यंत चार्जिंग झाल्यावर भरायचं, कारण चार्ज होताना पाणी चढतं.

चार्जिंगचा नियम सोपा आहे. जेवढे अँपिअर-तास, त्याचा दहावा हिस्सा. ५ची बॅटरी असेल तर अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून तासाभरात उरकायला गेलं की ती तापते, उकळते, प्लेटा वाकतात. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून जागा मोकळी हवी आणि बिडी लांब.

रात्रभर चार्ज केली आणि दुसरा दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी आकडा १२.६. मग हायड्रोमीटरनं एकेका कप्प्यातलं ॲसिड ओढून पाहिलं. सगळीकडे १.२६च्या आसपास. एखादाच कप्पा फार मागे राहिला असता, किंवा चार्जिंगनंतरही आकडा १०.५वर अडला असता, तर एक कप्पा गेला असं समजून बॅटरीला हात जोडायचे. तिथे गोळी, मीठ, नवीन ॲसिड असले उपाय म्हणजे वाळल्या झाडाला खत. ॲसिडची हौस मी एकदा केली आहे. पाणी कमी दिसलं म्हणून ॲसिड ओतलं, आणि चांगली बॅटरी दोन महिन्यांत संपवली. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. म्हणून भरायचं पाणीच, आणि तेही डिस्टिल. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात माझे सोयरे आहेत. बोअरचं पाणी ते संत्र्यालाही देत नाहीत, पण बॅटरीत टाकून मोकळे होतात.

बॅटरी जगली, पण मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही. बसली कशानं, ते सापडायचं होतं. बॅटरी परत बसवताना चावी बंद ठेवून त्यानं निगेटिव्ह तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावला. ५ मिलिअँपिअर वीज गळत होती. पुतण्यानं हँडलवर मोबाइल चार्ज करायचा सॉकेट लावला होता, त्याची तार थेट बॅटरीला. पाच मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणालो. त्यानं खडूनं हिशेब मांडला. दिवसाचे चोवीस तास धरले तर ०.१२ अँपिअर-तास, चाळीस दिवसांत ४.८. माझी अख्खी बॅटरी पाचची. सॉकेटची तार त्यानं चावीच्या पुढे जोडून दिली.

त्यात आपलं ऊन. गाडी काहीच खात नसली तरी बॅटरी आपली आपण उतरते, आणि दर दहा अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो. अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, टिनाखाली त्याहून वर. आपण कूलरच्या टाकीत रोज पाणी पाहतो, पण बॅटरीच्या रेघेकडे वर्षभर पाहत नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाहावं. सीलबंद बॅटरीला पाणी घालायचं नसतं, तिचं झाकण उचकटायचंही नसतं. पण रिकामी पडून राहिली तर सल तिलाही पडते.

शेवटी गाडी सुरू करून, थोडी रेस देऊन त्यानं पुन्हा मीटर लावला. आकडा १४च्या थोडा वर गेला. तो साडेतेराच्या खाली राहिला तर गाडी बॅटरी भरत नाही, पंधराकडे गेला तर ती उकळवते. दोन्हीत दोष गाडीच्या चार्जिंगचा, बॅटरी बदलून उपयोग नाही. आणि राजमठापर्यंतच्या चकरेनं तर सेल्फनं खाल्लेलंही नीट भरून निघत नाही.

किक आहे ना, मग बॅटरीचं कशाला एवढं, असं आमच्या वयाची माणसं म्हणतात. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. बॅटरी पार मेली तर धक्का मारून फक्त घाम निघतो. आता गावात मराठी भाषा विद्यापीठ झालं, बाहेरून पोरं येतात, सुट्टीत गाड्या उभ्या ठेवून गावी जातात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. जाताना बॅटरी भरून निगेटिव्ह तार काढून ठेवा. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना शेवटी लावायची, म्हणजे पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही. महिन्याच्या वर राहणार असाल तर मधे कुणाला तरी चार्ज करायला सांगा.

आणि खरंच मेली असेल तर ॲसिड धुऱ्यावर ओतू नका. शिसं मातीत उतरलं की निघत नाही. नवीन घेताना जुनी दुकानात परत द्या. तिच्यातलं शिसं पुन्हा वितळून नवीन बॅटरीत जातं, म्हणून तिचे पैसेही वळते होतात.

यंदाही एप्रिलात बागेचं पाणी तोडलं आणि पुण्याला निघालो. भिंतीवर तारीख लिहिली. तिच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: बॅटरी १२.६, तार काढली. मे महिन्यात पुतण्यानं त्याच्या अक्षरात खाली भर घातली: १२.४ होती, रात्रभर लावली. परतलो तेव्हा मृग पडून गेला होता. आधी तार जोडली, चावी फिरवली, मगच बागेत गेलो.