पिठाची ज्वारी होत नाही

१८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांची पथकं घराघरांत शिरत होती. प्लेगचा रोगी शोधायचा म्हणून माजघर, देवघर, काहीच सोडलं जात नव्हतं. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर झाडल्या गेलेल्या गोळ्या आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. त्या कडवट इतिहासाच्या तळाशी एक खराखुरा पेच होता. साथ अडवायची तर रोग कुणाकडून कुणाकडे चाललाय ते कळायला हवं. पण त्यासाठी माणसाच्या घरात किती शिरायचं?

सव्वाशे वर्षांनी कोरोना आला आणि तोच पेच पुन्हा उभा राहिला, आता जास्तच अवघड होऊन. ऑक्सफर्डमधल्या क्रिस्तोफ फ्रेझर यांच्या गटाने मार्च २०२० मध्ये हिशेब मांडला, की जवळपास निम्मा संसर्ग लक्षणं दिसण्याआधीच होतो. म्हणजे तुम्हाला ताप येईपर्यंत तुम्ही तो वाटून मोकळे झालेले असता. वही-पेन घेऊन ‘कुणाकुणाला भेटलात?’ विचारत फिरणारा आरोग्यसेवक त्या वेगाला कसा पुरणार? आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव तुम्ही सांगणार तरी कसं?

नावच नको, असं उत्तर आलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात कार्मेला ट्रोंकोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बेतली. तिच्याशी अगदी मिळतीजुळती पद्धत १० एप्रिल २०२० रोजी ॲपल आणि गूगल यांनी एकत्र जाहीर केली. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या या दोन कंपन्या एका साथीपायी एका टेबलाशी बसल्या, हेच मला आधी खरं वाटेना. पण खरी कमाल पद्धतीत आहे.

समजा, झुरिकच्या ट्राममध्ये दोन प्रवासी शेजारी उभे आहेत. ओळख नाही, बोलणं नाही. खिशातले फोन मात्र सेकंदाला तीन-चार वेळा ब्लूटूथवरून एक आकडा पुटपुटताहेत आणि मधूनमधून कान देऊन इतरांचे आकडे टिपून ठेवताहेत. त्या आकड्यात नाव नाही, फोन नंबर नाही, जागा नाही. एक निरर्थक चिठ्ठी, बस. तीसुद्धा दर दहा-वीस मिनिटांनी बदलते, म्हणजे तिच्या मागावर राहून कुणी तुमचा पाठलाग करू शकत नाही.

मग निरर्थक चिठ्ठ्यांतून अर्थ निघतो कसा?

रोज फोन आपल्यापुरती एक किल्ली तयार करतो. किल्ली म्हणजे एक यादृच्छिक आकडा. असे किती आकडे शक्य आहेत? ३४ लिहा आणि पुढे ३७ शून्यं द्या, साधारण तितके. दोन फोनांना चुकून एकच किल्ली मिळेल ही भीती इथेच संपते. ही किल्ली गणिताच्या जात्यात घातली, की दिवसाच्या प्रत्येक दहा मिनिटांसाठी एक, अशा १४४ चिठ्ठ्या दळून निघतात. जातं मात्र एकाच दिशेने फिरतं. ज्वारीचं पीठ होतं, पिठाची ज्वारी होत नाही. तशीच, चिठ्ठी हाती आली म्हणून किल्ली सापडत नाही. पण किल्ली हाती असेल तर जगातला कुठलाही फोन अगदी त्याच चिठ्ठ्या पुन्हा दळू शकतो.

आता त्या दोघांपैकी एकीची तपासणी होते आणि ती बाधित निघते. आरोग्य खात्याकडून मिळालेला कोड ती फोनमध्ये टाकते. फोन काय पाठवतो? ती कुठे गेली, कुणाला भेटली, यातलं काहीच नाही. जास्तीत जास्त गेल्या १४ दिवसांच्या किल्ल्या, तेवढंच. १४ किल्ल्या मिळून होतात २२४ बाइट. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे एका माणसाचा पंधरवडा मराठीच्या एखाद-दीड ओळीत मावला! म्हणून तर सगळ्या बाधितांच्या किल्ल्यांची यादी देशातला प्रत्येक फोन उतरवून घेऊ शकतो.

पुढचं लॉटरीच्या निकालासारखं. निकाल पेपरात सगळ्यांसाठी छापून येतो, तिकीट तुमच्या खिशात असतं आणि ताडून तुम्ही घरी बसून बघता. छापणाऱ्याला तुमचा पत्ता नसतो. इथेही तुमचा फोन यादीतल्या किल्ल्या दळतो आणि आपण टिपलेल्या चिठ्ठ्यांशी जुळवतो. जुळलं, तर स्क्रीनवर निरोप. ‘कुणाजवळ होतात’ हे तुम्हाला कळत नाही, ‘जवळ कोण होतं’ हे सरकारलाही कळत नाही. तरी निरोप अचूक दारात येतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचलं.

अंतर मोजणं मात्र फार जड गेलं. ब्लूटूथ हेडफोनसारख्या जोडण्यांची वायर वाचवायला जन्मलं, त्याच्याकडे मोजपट्टी कुठली? आवाज किती क्षीण झाला यावरून ते अंदाज बांधतं. पण या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात असेल तर शेजारचा माणूस दूर वाटतो, आणि धातूच्या डब्यात आवाज भिंतींवर आपटून भलतीकडून येतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ट्राममध्ये हे पारखलं, तेव्हा स्विस आणि जर्मन निकषांनी दोन मीटरच्या आतली एकही जवळीक पकडली नाही.

सगळ्यांनी हा रस्ता धरला नाही. आपलं आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं आणि १३ दिवसांत ५ कोटी फोनांत पोचलं. ते मोबाईल नंबर आणि ठिकाणही नोंदवत होतं, त्यामुळे साथ कुठे पेटते आहे याचा नकाशा काढता येत होता. तो फायदा खोटा नाही. तरी माझं मन चिठ्ठ्यांकडेच झुकतं, आणि त्याला सिंगापूर कारण आहे. तिथल्या ॲपमधली माहिती पोलिसांनाही मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झालं, आणि सरकारला घाईने कायदा करून तिला मर्यादा घालावी लागली. जी माहिती गोळाच झाली नाही, तिला कायद्याचं कुंपण लागत नाही.

मग या अर्धवट बहिऱ्या यंत्राने काही साधलं का? ज्या ॲपला कुणीच ठाऊक नाही त्याचा हिशेब काढणंही कोडंच. पण इंग्लंड आणि वेल्समधलं ॲप पिनकोडसारख्या पोस्टकोडचा फक्त पहिला भाग विचारायचं. तेवढ्या धाग्यावर संशोधकांनी एकमेकांसारखे भाग शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या वर्षात सुमारे १० लाख जणांचा संसर्ग आणि ९,६०० मृत्यू टळले, असा त्यांचा अंदाज निघाला. ते ९,६०० लोक कोण, हे कुणालाच कधी कळणार नाही. त्यांनाही नाही.

ते ॲप २७ एप्रिल २०२३ ला बंद झालं. चिठ्ठ्या तर त्याआधीपासूनच दर १४ दिवसांनी, कुणी न सांगता, फोनमधून पुसल्या जात होत्या.