कोंडा खवट का होतो?

भंडारा-नागपूर महामार्गावरचं शहापूर धानाच्या पट्ट्यातलं गाव. या भागात राईस मिलमधून आणलेला कोंडा पोत्यात दोन-चार दिवस राहिला, की खवट वास सुटतो. ‘उन्हानं नासला’ म्हणून आपण मोकळे होतो.

उन्हाचा हातभार आहेच, पण मूळ कारभार कोंड्यातल्या लायपेज नावाच्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. दाणा अखंड असतो तोवर तेल एका थरात आणि लायपेज दुसऱ्या थरात, सुखानं वेगळे नांदतात. पॉलिश करताना थर खरवडले जातात, दोघांची गाठ पडते आणि काही तासांतच तेलाची मोडतोड होऊन मेदाम्लं सुटू लागतात. म्हणून खाद्यतेल काढणाऱ्यांना कोंडा ताजा लागतो, नाहीतर आधी वाफेनं तापवून लायपेज निकामी करावं लागतं. उकड्या तांदळाच्या कोंड्यात हा उपद्रव फार कमी, कारण ते धान भरडण्याआधीच वाफवलेलं असतं.

आता पहिला गैरसमज. ‘उष्णतेनं विकर मरतं.’ मरायला ते जिवंत कुठं असतं? ते एक प्रथिन, ठरावीक घड्या पडलेलं. एका मर्यादेपर्यंत तापमान 10 अंशांनी वाढलं, की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मर्यादा ओलांडली, की घड्या उलगडतात आणि काम थांबतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. मे महिन्यातल्या 45 अंशांनी कोंड्यातलं लायपेज बिघडत नाही, उलट ते कामाला लागतं. त्याला थांबवायला वाफच हवी.

‘उन्हाळ्यात पोटातले पाचक रस जळतात’ हेही तसंच. बाहेर 45 अंश असले तरी निरोगी शरीर आतलं तापमान 37च्या आसपास राखतं. भूक मंदावते, पण रस जळत नाहीत.

थंडीबद्दलचा समज उलटा आहे. फ्रीजमध्ये विकर नष्ट होत नाही, फक्त मंदावतं. म्हणूनच मटार साठवताना आधी उकळत्या पाण्यातून काढतात. ती पायरी गाळली, तर फ्रीझरमध्येही त्यांची चव आणि रंग हळूहळू बिघडतात.

राहिला आंबटपणा, म्हणजे सामू (pH). ‘37 अंश, सामू 7’ हे शाळेतले आकडे इतके पाठ झालेत, की सगळी विकरं तिथंच रमतात असं वाटतं. लाळेतलं अमायलेज रमतंही. भात बराच वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळं. पण जठरातलं पेप्सिन सामू 2च्या आसपास जोमात असतं, आणि त्याच आम्लात अमायलेज थंडावतं. कापलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की ते लवकर काळं पडत नाही, कारण रंग बदलणारं विकर आम्लात ढेपाळतं.

दुसरं टोकही विदर्भातच आहे. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू 10च्या आसपास असतो, आणि त्यातल्या जिवाणूंकडून अशा क्षारी पाण्यात प्रथिनं तोडणारी विकरं मिळाली आहेत. याच स्वभावाची विकरं कपड्यांच्या वॉशिंग पावडरमध्ये घालतात. रक्ताचा, दुधाचा डाग तीच काढतात, फक्त पाणी कोमट हवं. उकळतं पाणी ओतलं, की वाफवलेल्या कोंड्यातल्या लायपेजची गत त्यांचीही होते.