जुन्या गाडीचा गेलेला दम

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. महामार्गाला खेटून किल्ल्याची टेकडी, गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा जुना धंदा आणि फाट्यावरून दोंडाईचाकडे वळणारा रस्ता. इथल्या जुन्या मारुती ८०० ची परीक्षा दोन ठिकाणी होते. दक्षिणेला निघाली तर धुळ्यापुढचा लळिंग घाट, उत्तरेला निघाली तर तापी, शिरपूर, पळासनेर मागे पडल्यावर सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट. आत पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान, एसी चालू आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या गिअरला गाडी कण्हायला लागते, मागचा ट्रक हॉर्नवर हात ठेवतो, शेवटी दुसरा टाकावाच लागतो. परत आल्यावर मालक गॅरेजात जाऊन सांगतो, ‘भाऊ, गाडी ओढत नाही.’

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी रुंद सायलेन्सर सुचवतं, कुणी महागडा एअर फिल्टर, कुणी इंजिनच बदलायला सांगतं. पण आधी विचारायला हवं, की मुळात होती तेवढी ताकद गाडीत आज शिल्लक आहे का? १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. कार्ब्युरेटरच्या त्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ताकद ४० अश्वशक्तीच्या आतली. एवढ्याशा भांडवलातून चार-पाच घोडे वयानं पळवले, तर चढावर ते लगेच जाणवतं. खिसा लहान असेल तर आधी हे पळालेले घोडे गाठायचे. त्यातले काही फुकटात सापडतात.

उदाहरणार्थ, ॲक्सिलरेटरची केबल. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीनं ती सैल पडते. एकानं आत बसून पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्यानं एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरची थ्रॉटलची झडप पाहायची. इंजिन अर्थातच बंद. पाय तळाला टेकला आणि झडप मात्र पाऊणच उघडली, असं जुन्या गाड्यांत बऱ्याचदा दिसतं. नट फिरवून केबल ताणली की काम झालं. तसंच ब्रेकचं. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवून बघावं. लायनर घासत असेल तर इंजिनाची मेहनत ब्रेक तापवण्यात चालली आहे. टायरची हवा कमी असेल, किंवा दिसायला बरे म्हणून कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर चढवले असतील, तरी चढावर दम लागणारच. मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअर जड होऊन बसतो.

यानंतरची तपासणी कॉम्प्रेशनची. ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची, एका प्लगच्या भोकात गेज घट्ट बसवायचं, पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. काटा टप्प्याटप्प्यानं चढतो आणि एका आकड्यावर ठरतो. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले तर इंजिनाचं पोट शाबूत आहे. एक आकडा बराच खाली राहिला तर त्याच भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आता काटा उसळला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलनं तेवढ्यापुरती फट बुजवली. काटा हलला नाही तर गळती बहुधा वॉल्व्हमधून आहे, क्वचित हेड गॅस्केटमधून. रिंगांसाठी इंजिन उतरवून बांधावं लागतं. वॉल्व्हसाठी हेड काढून सीटवर घासून बसवले की भागतं. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे आणि चमचाभर ऑइल तो फरक पाच मिनिटांत सांगून जातं. तीन सिलिंडरच्या गाडीत एक लंगडा असेल तर एक तृतीयांश इंजिन आजारी असतं. बाहेरून लावलेल्या कुठल्याही वस्तूनं ते बरं होत नाही.

पोट शाबूत निघालं की टॅपेटची फट फीलर गेजनं मोजून घ्यावी, नवे प्लग घालावेत. प्रीमियर पद्मिनीसारखी त्याहून जुनी गाडी असेल तर पॉइंट आणि कंडेन्सरही बदलावेत. काही शे रुपयांचं हे काम, पण पिकअपमधला फरक त्याच संध्याकाळी कळतो.

सोनगीरच्या तांबटांना पितळ नवं नाही. कार्ब्युरेटरमधला जेटही पितळेचाच, करंगळीच्या नखाएवढा, मधोमध सुईएवढं भोक. इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं ते हे भोक ठरवतं. घाण अडकली म्हणून ते तारेनं टोकरण्याची वाईट खोड अनेकांना असते. मऊ पितळ खरवडलं जातं, माप बिघडतं आणि पुढे ॲव्हरेज का गेलं याचा शोध लागत नाही. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबानंच साफ करावा.

या भोकाला आता नवं महत्त्व आलं आहे. २०२५ पासून पंपावर मिळणारं बहुतेक पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल आहे. उसापासून आणि मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, आणि ते जळायला हवाही कमी लागते. जुना जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं भोक पाडलेला. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते. प्लग काढून बघावा. तपकिरी टोक म्हणजे ठीक, पांढरंफटक म्हणजे मिश्रण पातळ. एक माप मोठा मेन जेट हा त्यावरचा स्वस्त उपाय. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, ही त्यातली जमेची बाजू. म्हणून ठिणगीचं टायमिंग एखाद-दोन अंश पुढे घेता येतं. चढावर इंजिन टकटक करू लागलं तर लगेच मागे घ्यायचं. इंधनाचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मात्र बदलावेत, आणि नवे ई-२० ला चालतील असेच घ्यावेत. इथं काटकसर केली तर गळक्या पाइपातून आगीला आमंत्रण मिळतं.

खानदेशातली गाडी उन्हाचीही किंमत मोजते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. बॉनेटखाली कोंडलेली ६५ अंशांची हवा इंजिनानं ओढली तर तूट १२ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे ३७ घोड्यांतले चार नुसत्या गरम हवेत गेले. एअर फिल्टरच्या तोंडाचा पाइप फाटला किंवा हरवला असेल तर तो बसवून बाहेरची हवा आत आणणं हे महागड्या फिल्टरपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. अनेक जुन्या गाड्यांत फिल्टरच्या डब्याला उन्हाळा-हिवाळा अशी खूण असते. ती हिवाळ्यावर राहिली तर गाडी वैशाखातही एक्झॉस्ट मॅनिफोल्डलगतची तापलेली हवा पीत राहते.

एवढं करूनही मूळ ताकदीपेक्षा जास्त हवी असेल तर कंपनीनं स्वतः काय केलं ते बघावं. मारुतीनं २००० साली ८०० मध्ये त्याच ७९६ सीसीवर प्रत्येक सिलिंडरला चार वॉल्व्हचं हेड आणि इंजेक्शन दिलं, तेव्हा ताकद ४५ अश्वशक्तीच्या घरात गेली. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन कार्ब्युरेटरवर ६० अश्वशक्ती द्यायचं, १६ वॉल्व्ह आणि इंजेक्शनवर ८०. इंजिन तेवढंच, पण श्वास मोकळा झाला. हा श्वास हेडमध्ये असतो. मागचा पाइप पोकळ करून आवाज वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. लेथवर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा मार्ग जुना आहे, पण ४५ अंशांच्या उन्हात भरल्या गाडीनं घाट चढायचा तर टकटक ठरलेली, आणि तिच्यापायी पिस्टन फुटू शकतो. घरच्या गाडीला ते करू नये.

सीएनजीवर चालणाऱ्यांची अडचण वेगळी. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमधली दहाएक टक्के जागा स्वतःच व्यापतो, तेवढी हवा कमी येते. पण या गॅसचा ऑक्टेन खूप जास्त, त्यामुळे टायमिंग पुढे नेणारा छोटा प्रोसेसर बसवला की तुटीचा बराच भाग भरून निघतो.

बारा वॉल्व्हचं जुनं इंजिन आणून बसवायचं असेल तर आधी धुळ्याच्या आरटीओत जावं लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. विनापरवाना बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि तो फटका दंडापेक्षा कितीतरी मोठा.

केबल, टॅपेट, जेट, टायमिंग, हवेचा पाइप यातलं एकेकच काम हाती घ्यावं आणि दर वेळी मोजावं. सकाळी रस्ता मोकळा असताना, तेवढ्याच माणसांसह, सपाटीच्या ठरलेल्या पट्ट्यावर टॉप गिअरमध्ये ४० वरून ६० ला जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्यानं घड्याळ लावून वहीत लिहावं. आकडा दोन सेकंदांनी उतरला की बिजासनला तिसरा गिअर किती टिकतो ते बघायला निघायला हरकत नाही. फक्त निघण्याआधी रेडिएटरचं पाणी आणि पंख्याचा पट्टा तपासून घ्यावा.